अहो-जाहो

भांडी विसळून झाली की रात्री साडेनऊला
बाबा माझी मुलाखत घेतात.
घणसोली, दुसरा मजला, पुढची खोली.
आईच्या शिलाई मशीनवर झाकण घातलं की टेबल.
पलीकडे बाबा, वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.
म्हणतात, "या. बसा."
आयुष्यात पहिल्यांदाच मला अहो-जाहो.

पहिल्या रात्री मी हसले.
ते नाही हसले. म्हणाले, "बाहेर जा, पुन्हा या."

प्रश्न मीच लिहून दिलेत, वीजबिलाच्या पाठीवर.
तुमच्या जमेच्या बाजू सांगा.
टायट्रेशनचा एंड पॉइंट हुकला तर काय कराल.
उत्तरातलं त्यांना काही कळत नाही,
पण थाप मारली की लगेच कळतं:
"अंगठा मुठीत लपवता तुम्ही, मॅडम."

बावीस वर्षं महापेच्या एका गेटवर
त्यांनी माणसं आत जाताना पाहिलीत, बाहेर येतानाही.
वहीत नाव, वेळ, कोणाकडे काम, सही.
त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालंय:
फाइल छातीशी धरणारा घाबरलेला असतो,
काखेत धरणारा तिसऱ्या-चौथ्यांदा आलेला.
आणि ज्याचं काम झालं नाही
तो निघताना पेन परत द्यायला विसरतो.
"किती पेनं गेली माझी," म्हणतात,
"एकालाही मागून हाक मारली नाही."

रविवारी आम्ही रबाळ्याला जाऊन आलो,
कंपनी बंद असताना, नुसता रस्ता बघायला.
शेअर रिक्षा, बेलापूर रोडचा सिग्नल,
मग उभ्या डंपरांच्या कडेकडेनं चालत:
एकवीस मिनिटं. "पस्तीस धर," बाबा म्हणाले.
गेटवरच्या पोराशी ते ड्युटीचं बोलत बसले,
बारा तास की आठ, जेवायला सोडतात का,
आणि निघता निघता खबर काढली:
लॅबच्या दाराशी बूट काढावे लागतात.
येताना नाक्यावर मोज्यांचे दोन जोड घेतले.
असलं कुठल्या पुस्तकात नसतं.

काल सगळे प्रश्न संपले, बिलाची घडी झाली,
आणि बाबांनी यादीत नसलेलं विचारलं.
चष्मा काढून, मशीनच्या झाकणाकडे बघत:
"मधली दोन वर्षं कोरी दिसतात.
काय करत होता तुम्ही?"

खाली कोणीतरी स्कूटी लावली. स्टँड वाजला.

मी म्हणाले, मी पाणी मोजत होते, सर.
दिवसाला आठशे मिली, चहा आणि आमटी धरून.
बटाटे चिरून भिजवायचे, पाणी फेकायचं,
मग उकळायचे, पुन्हा फेकायचं.
मंगळवार, गुरुवार, शनिवार वाशीला डायलिसिस,
आधीचं वजन, नंतरचं वजन, वहीत दोन रकाने.
ती अजून घोटभर मागायची.
मी नाही म्हणायचे.
एकही नोंद खोटी नाही, सर.
शेवटच्या तारखेचा दुसरा रकाना तेवढा मोकळा आहे.

दोन्ही हात मशीनवर होते माझे,
अंगठे उघडे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग शर्टाची वरची गुंडी सोडवली,
आतला साहेब उतरवून ठेवावा तशी.
"एवढंच सांग उद्या," म्हणाले,
"सर-सर जरा कमी कर."
उठून कपाटावरच्या डब्यातून एक निळं पेन काढलं,
नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी दोरा बांधून ठेवलेलं.
दोरा दातांनी तोडला.
"हे ने.
आणि परत आण."